डाव्या पुढच्या चाकावरचे वजन

मगदुमांच्या घरात सकाळ घड्याळाने होत नसे, उजेडाने होत असे. सूर्य वर आल्याशिवाय चूल पेटवायची नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्या जैन घराचा जुना नेम. त्यामुळे भरतेश रोज उजेडाची वाट पाहत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राही. आधी पूर्वेच्या खिडकीचे गज काळ्याचे करडे होत. मग बाहेरच्या बेदाणा-शेडची हिरवी जाळी अंधारातून सुटी होई, आणि तिच्यातून गाळून आल्यासारखा एक फिकट पट्टा समोरच्या भिंतीवर, अगदी वरच्या फळीवर उमटे. तो खाली उतरे, पण इतक्या संथपणे की उतरताना कधी दिसत नसे. मघाशी अंधारात असलेला पितळी डबा आता दिसतो आहे, एवढेच कळे. डब्यानंतर मिठाची बरणी. बरणीनंतर भिंतीला टेकवून ठेवलेला पाट. पाटानंतर हंड्याच्या तोंडावर बांधलेले गाळण्याचे ओले फडके. तिथे उजेड जरा रेंगाळे. फडक्याच्या विणीत अडकलेले थेंब एकेक करून पांढरे होत, आणि मग सगळे फडकेच आतून उजळल्यासारखे दिसू लागे. यात नवल काहीच नव्हते. असाच उजेड गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक हंड्यावर पडत असणार. तरीही भरतेशला वाटे की दिवसभरात आपल्याला कुणी न तपासता, कारण न विचारता मिळणारी ही एकच गोष्ट आहे. आणि ती संपू नये म्हणून तो श्वासही बेताने घेई.

"उजाडलं," अक्का म्हणाली. तिने शेगडी पेटवली, फडके सोडून पिळले आणि दोरीवर टाकले. चहाचा एकच कप त्याच्यासमोर आला.

"तुझा?"

"माझं एकभुक्त चालू आहे. दुपारचं एकदाच."

"माघात कसलं एकभुक्त?"

"नेम करायला महिना लागतो होय? पी गपचूप, गार होईल."

अक्का, म्हणजे पद्मावती, त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी बहीण. तो अकरा वर्षांचा असताना आईवडील एकाच अपघातात गेले. इचलकरंजीच्या सासरहून ती चार दिवसांसाठी म्हणून आली आणि परत गेली नाही. नवऱ्याने दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा धाडला नाही. या गोष्टीबद्दल त्या घरात पंधरा वर्षांत कुणी बोलले नव्हते. भरतेशने मात्र ती रोज मनात उलगडून पुन्हा घडी घालून ठेवली होती. आपल्यासाठी जिने सोडले, ती कधीतरी आपल्याला सोडून ते परत घेईल, अशी एक भीती त्या घडीत होती.

तो 'द्राक्षसंपदा' नावाच्या कंपनीत मार्ग-निरीक्षक होता. मिरजेच्या पलीकडे कंपनीचे मोठे कोल्ड स्टोअरेज होते. हंगामात तासगावाकडच्या शेडांवरून बेदाणा भरून बावीस विजेरी गाड्या तिथे येत, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून भरतेश त्या बावीस गाड्यांचे बावीस ठिपके पाहत असे. माणसाच्या नजरेला नजर देताना त्याच्या मानेवर घाम येई. ठिपके उलटून पाहत नाहीत.

पूर्वी गाडीत बसवलेली डबी गाडी कुठे आहे एवढेच सांगे. आकाशातल्या चार उपग्रहांपासूनची अंतरे मोजायची, ती जिथे एकत्र जुळतील तिथे गाडी. चूक झाली तर पाच-दहा मीटरांची. नव्या डबीची चूक वीतभराचीही नव्हती. पण तिचे खरे कसब रस्त्यावर नव्हते, चाकांपाशी होते. प्रत्येक चाकावरच्या पोलादी पाट्याला केसाएवढा काचेचा तंतू चिकटवलेला असे आणि त्यातून प्रकाशाचा बारीक झोत सतत वाहत असे. वजन पडले की पाटा वाके, तंतू ताणला जाई, आणि परतून येणाऱ्या प्रकाशाचा रंग कणभर सरके. त्या सरकण्यावरून चाकावरचा भार पाव किलोपर्यंत कळे. कंपनीने पहिल्याच हंगामात शेडांवरचे काटे मोडीत काढले. गाडीच काटा झाली होती.

मग डबी त्याहून पुढचे शिकली. माणूस गाडीत चढतो तेव्हा आधी कुठला पाय टाकतो, दांडीला धरून किती वेळ लोंबकळतो, बसल्यावर कुठल्या बाजूला कलतो, याची एक लय असते, आणि ती अंगठ्याच्या ठशाइतकी ज्याची त्याची असते. कंपनीच्या कागदपत्रांत तिला 'भारमुद्रा' म्हणत. चालकाऐवजी त्याचा मेव्हणा गाडी चालवत असेल तर दुसऱ्या मिनिटाला भरतेशच्या पडद्यावर पिवळी रेघ येई. गाडीत परका माणूस घेणे हा तर नियमभंगच होता.

माघातल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, सतरा नंबरच्या गाडीवर अशी रेघ आली. गाडी हिंगणवाडी फाट्यावर थांबली होती. डावे पुढचे चाक: अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. अनोळखी वजन. बहुधा स्त्री, वय चाळिशीच्या पुढे, डावा पाय आधी. मिरजेच्या एस.टी. स्थानकासमोर ते वजन उतरले. दुपारी अडीच वाजता गाडी रिकामी परतताना त्याच जागी थांबली, अकरा मिनिटे नुसती उभी राहिली, आणि मग तेच वजन पुन्हा चढले.

हिंगणवाडी हे भरतेशचेच गाव. सतरा नंबरचा चालक बिरू लवटे, तोही तिथलाच. आईवडील गेले त्या वर्षी शाळेला जाताना रडणाऱ्या भरतेशला दुधाच्या गाडीत पुढे बसवून नेणारा बिरूमामा तो हाच. पिवळी रेघ वर, व्यवस्थापक घोरपडे मॅडमकडे पाठवायची असे. भरतेशने रकान्यात लिहिले: 'शेडवरील कामगार. ओळखीची.' मग तो बराच वेळ त्या अठ्ठावन्न किलोंकडे बघत बसला. आपण हे बिरूमामासाठी केले, असे त्याने स्वतःला सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते, हे त्याला तेव्हाच जाणवले होते.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच घडले, आणि त्याच्याही पुढच्या मंगळवारी. तेव्हा तो जिना उतरून कँटीनमध्ये गेला. चालकांच्या घोळक्यात बिरूमामा बशीत चहा ओतून फुंकत बसला होता.

"बिरूमामा, मंगळवारी मिरजेत अकरा मिनिटं गाडी उभी असते."

"असंल की."

"कशासाठी?"

बिरूमामाने बाकीच्यांकडे बघून मान हलवली. "लगीन झाल्यापासनं बायको इचारत आली, कुठं हुतासा. आता ही डबी इचारती. बायकोचं बरं, तिला थाप तरी पचती."

घोळका हसला. भरतेशचे कान तापले. "मी विचारतोय," तो म्हणाला.

"साहेब म्हणून इचारतासा, का आमचा भरतू म्हणून?"

भरतेशने गळ्यातले ओळखपत्र सरळ केले. "साहेब म्हणून."

"मग लिवा. डायवरला लघवीला लागली."

"अकरा मिनिटं?"

"वय झालं, साहेब. तुमच्या पडद्यावरच्या ठिपक्याला न्हाई लागत, मला लागती."

भरतेश वळला तेव्हा बिरूमामा बशी ठेवून त्याच्या मागून दारापर्यंत आला. आवाज उतरवून म्हणाला, "इचारायचंच आसंल तर घरात इचार. डबीला नगं."

त्या एका वाक्याने संशयाला घर मिळाले. बिरूमामाला काहीतरी ठाऊक होते, ते आपल्या घरातले होते, आणि आपल्यापासून लपवलेले होते.

संध्याकाळचे जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचे. भरतेश साडेपाचला घरी येई आणि अक्का ताट वाढून ठेवी. त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे शेजारी न बसता भिंतीला पाठ लावून बसली होती.

"मंगळवारी घरी नसतेस तू," तो भाताकडे बघत म्हणाला.

"मंदिरात असते. बायकांचा पाठ असतो."

"आठपासून तीनपर्यंत?"

"प्रवचन लांबलं की लांबतं. का रे? देवाच्या दारात पण डबी बसवणार आहेस का माझ्या?"

ती हसली. त्याला हसू आले नाही. भात कालवत त्याने विचारले, "इचलकरंजीचं काही कळतं का?"

आमटी वाढायला पुढे झालेला तिचा हात मध्येच थांबला. "पंधरा वर्षांत त्या गावाचं नाव काढलं नाहीस. आज काय झालं?"

"सहज."

"सहज म्हणून कुणी विचारत नाही. जेव. उजेड चालला."

हात थांबला होता, हे त्याने मनात टिपून ठेवले. मिरजेच्या स्थानकावरून इचलकरंजीला तासाला दोन गाड्या सुटतात. तो दुसऱ्या दिवशी पडद्यावरचा नकाशा मोठा करून ती जागा पाहत राहिला. स्थानकाच्या खुणेच्या आजूबाजूला इतर खुणाही होत्या: दोन औषधांची दुकाने, एक रक्त तपासायची प्रयोगशाळा, रस्त्यापलीकडे एक रुग्णालय. पण मिरजेत दर दहा पावलांवर दवाखाना असतो. त्यावरून काय सिद्ध होते? त्याची नजर स्थानकाच्या खुणेवर परत परत येऊन बसे. अक्का त्या माणसाला भेटायला जाते. दिवसभर त्याच्यासोबत राहते. एक दिवस तिकडचीच होईल. मग या घरात सकाळी शेगडी कोण पेटवणार?

विचित्र असे की या संशयाने त्याला त्रास व्हायचा तितकी सोबतही व्हायची. कुणी आपल्याला फसवते आहे असे मानले की करायला काहीतरी काम राहते. वेळा जुळवाव्यात, बोलण्यातल्या फटी शोधाव्यात, हात कुठे थांबला ते आठवावे. त्याचे सगळे मन त्या कामाला लागले आणि दुसऱ्या कशाला जागा उरली नाही.

पण मंगळवारचे आकडे नीट वागत नव्हते. अठ्ठावन्न दोनशे. मग सत्तावन्न चारशे. छपन्न सहाशे. फाल्गुन लागला, शेडांवरचे पत्रे दुपारी हात भाजण्याइतके तापू लागले, आणि आकडा त्रेपन्नावर आला. आठव्या मंगळवारी तो एक्कावन्न किलो नऊशे ग्रॅम झाला, तेव्हा पडद्यावर पिवळ्या रेघेऐवजी एक चौकट उघडली. चढण्याची लय तीच होती, वजन मात्र दहावा हिस्सा, किंबहुना अधिक, उतरले होते. यंत्राला याचा निवाडा हवा होता. त्याने तीन पर्याय दिले होते. ही वेगळी व्यक्ती आहे. संवेदकात घसरण झाली आहे. व्यक्ती तीच असून तिचे वजन खरोखर घटले आहे.

पहिला पर्याय निवडला तर प्रकरण सरळ मॅडमकडे जाई, आणि बिरूमामा वेगवेगळ्या बायकांना गाडीतून नेतो असा त्याचा अर्थ होई. तिसरा पर्याय त्याने वाचला. पुढे अनेक दिवस तो स्वतःला सांगत राहिला की आपण तो वाचलाच नव्हता. घसरण होते, हे शास्त्रात बसणारे होते. उन्हाने पाटा तापतो, तंतू चिकटवलेला राळेचा थर मऊ पडतो, तंतू आपल्या जागेवरून किंचित सैलावतो आणि आहे त्याहून कमी ताण दाखवू लागतो. पुस्तकात तसे होते. हंगामात दोन-तीन गाड्यांचे तसे झालेही होते.

नियमाप्रमाणे ज्ञात वजने गाडीत ठेवून मग दुरुस्ती करायची असे. त्याने ती ठेवली नाहीत. त्याने अक्काचे जुने वजन हेच ज्ञात वजन धरले. अठ्ठावन्न दोनशे भागिले एक्कावन्न नऊशे: एक पूर्णांक बारा शतांश. सतरा नंबरच्या डाव्या पुढच्या चाकाला तो गुणक लावून त्याने खाली आपली सही उमटवली. पुढच्या मंगळवारी वजन सत्तावन्न किलो आठशे ग्रॅम आले. त्याला बरे वाटले. मग घरी पोहोचेपर्यंत ते बरे वाटणे कुठेतरी सांडून गेले होते.

दुरुस्तीनंतर दहा दिवसांनी घोरपडे मॅडमनी त्याला बोलावले. कल्याणी घोरपडे कडक होत्या, पण कुणाला उगाच दुखवत नसत. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"सतरा नंबर. शेडवर भरताना गाडी सांगते नऊशे पंधरा किलो. आपल्या फाटकातून आत येताना नऊशे पंधरा. उतरवून वखारीच्या काट्यावर ठेवलं की नऊशे. रोज. दर खेपेला पंधरा किलो, म्हणजे बरोबर एक पेटी."

भरतेशने कागद जवळ ओढला. "वखारीचा काटा..."

"वैधमापन खात्याने गेल्याच महिन्यात तपासून शिक्का मारलाय. आणि गाडीचा संवेदक?" त्यांनी दुसरा कागद उलटला. "तो तर तू स्वतः दहा दिवसांपूर्वी दुरुस्त केलास. तुझी सही आहे. दोन्ही काटे बरोबर असतील भरतेश, तर मधला माणूस खोटा."

"फाटक ते काटा दीडशे पावलं आहेत, मॅडम. तेवढ्यात पंधरा किलो कोण कसं नेईल?"

"ते मलाही कळत नाही. पण बाकीच्या एकवीस गाड्यांचं जुळतं. आणि याच माणसाची मंगळवारची अकरा मिनिटं आहेत, ज्याचं तो उत्तर देत नाही. परवा चौकशी. तोपर्यंत त्याची किल्ली काढून घेतली आहे. बारा वर्षांची नोकरी आहे, मलाही हौस नाही."

त्याला सगळा हिशोब एका क्षणात दिसला. नऊशे किलोच्या मालातले सव्वाशे किलो डाव्या पुढच्या चाकावर येतात. त्याचा बारा टक्के म्हणजे पंधरा. पेटी कुणी नेली नव्हती, ती कधी अस्तित्वातच नव्हती. त्याच्या सहीने ती रोज सकाळी शेडवर भरली जात होती आणि रोज वखारीत नाहीशी होत होती. आता 'माझी चूक झाली' एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पण चूक म्हटली की मॅडम विचारतील, घसरण झाली असे तुला वाटले कशावरून? तो तसाच खोलीत परतला.

त्याने सतरा नंबरच्या सगळ्या मंगळवारांची नोंद काढली. अजूनही त्याला कुठेतरी एखादी खरीखुरी घसरण सापडेल अशी आशा होती. गुणक लावण्याआधीचे दिवस पाहिले: शेडवर नऊशे, वखारीत नऊशे, आठशे पंच्याऐंशी, आठशे पंच्याऐंशी. फाल्गुनातल्या सर्वांत तापलेल्या दुपारीही पाव किलोचा फरक नव्हता. आणि मग वजनांच्या शेजारचा एक रकाना त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो आजवर त्याने कधी वाचला नव्हता, कारण दुरुस्तीत त्याचा उपयोग नसे. चढायला लागलेला वेळ. पहिल्या मंगळवारी दोन सेकंद. तिसऱ्या मंगळवारी तीन. सहाव्या मंगळवारी पाच. शेवटच्या मंगळवारी सकाळी नऊ सेकंद, आणि दुपारी, त्या अकरा मिनिटांनंतर, एकोणीस सेकंद. त्या एकोणीस सेकंदांत उजव्या पुढच्या चाकावर कुणीच नव्हते. म्हणजे चालक आपल्या जागेवरून उतरला होता. तो खाली, पलीकडच्या बाजूला, कुणाला तरी धरून उभा होता.

वेळेला कुठला गुणक लागत नाही.

त्या संध्याकाळी तो लवकर घरी गेला. अक्का अंगणात होती. त्याला पाहून ती घराकडे वळली. दाराला तीन पायऱ्या होत्या. भरतेश आत जाऊन उंबऱ्याशी बसला आणि आपण मोजतो आहोत हे त्याला मोजायला लागल्यावर कळले. पहिल्या पायरीवर तिने डावा पाय ठेवला आणि चौकटीला धरले. तीन, चार. दुसऱ्या पायरीवर ती थांबली, अंगणात काही विसरल्यासारखे तिने मागे वळून पाहिले. सात, आठ. ती कशाकडेच पाहत नव्हती. ती दम घेत होती. अकरा.

"बघतोस काय असा?"

"काही नाही."

"मग हात धू. सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही."

तिने ताट वाढले. तो जेवला. बिरूमामाची किल्ली काढून घेतली आहे हे त्याने सांगितले नाही, आणि तिने मंदिरातल्या पाठाबद्दल एक लहानशी, मन लावून रचलेली गोष्ट सांगितली. कोण कुठल्या बाईशेजारी बसले, कुणाची पोथी हरवली. आपण खोटे ऐकतो आहोत हे त्याला माहीत होते, आणि पहिल्यांदाच त्यात कुठे फट शोधावीशी वाटली नाही.

चौकशी सकाळी अकराला झाली. मॅडमच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला बिरूमामा उभा होता. खुर्ची देऊनही तो बसला नव्हता. टोपी हातात होती.

"लवटे, शेवटचं विचारते. मंगळवारी गाडीत कोण असतं?"

"मानूस आसतं, मॅडम. बेदाणा न्हवं."

"नाव?"

"नाव सांगायचं माझ्याकडं न्हाई."

"मग बेदाणा कुठं जातो?"

"मला काय ठावं? बारा वर्सांत येक मणी त्वांडात टाकला न्हाई म्या. मला साखर हाय, डाक्टरनं नगं म्हणलंय."

मॅडमच्या ओठांवर हसू येता येता राहिले. "लवटे, नाव सांगितलंत तर निदान ते अकरा मिनिटांचं कोडं सुटेल. नाहीतर मला हे पोलिसांकडे द्यावं लागेल."

"द्या. शब्द दिलाय म्या."

"कुणाला?"

बिरूमामाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. तो भरतेशकडे पाहत नव्हता. इतक्या कटाक्षाने पाहत नव्हता, की भरतेशला ते पाहण्याहून जास्त बोचले.

"मॅडम," भरतेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पेटी गेलीच नाही. मी गुणक चुकीचा लावला. पंधरा किलो त्या गुणकातून आलेत. डाव्या पुढच्या चाकाचा भार काढून बघा, बरोबर तेवढेच येतात."

मॅडमनी कागदावर आकडे मांडले. त्यांना वेळ लागला नाही. "ज्ञात वजनं ठेवून तपासलं नव्हतंस?"

"नाही."

"तुझ्यासारख्या माणसाने?" त्यांनी पेन खाली ठेवले. "घसरण झाली असं वाटलं कशावरून? माल तर त्या दिवसापर्यंत तंतोतंत जुळत होता."

"दुसरं एक वजन कमी येत होतं."

"कुठलं?"

"मंगळवारचं."

"म्हणजे ते अनोळखी वजन." त्यांनी नोंद चाळली. "यात तूच लिहिलंयस, शेडवरील कामगार, ओळखीची. ते खरं आहे?"

"ओळखीची आहे. कामगार नाही."

"भरतू, गप," बिरूमामा म्हणाला. "मॅडम, त्याला नगा इचारू. माझी नोकरी घ्या आन् सोडा इषय."

"तुमची नोकरी आता कुणी घेत नाही, लवटे. बसा तुम्ही." त्या भरतेशकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "ओळखीच्या बाईचं वजन दोन महिन्यांत अठ्ठावन्नावरून एक्कावन्नावर आलं. माणसाचं वजन कमी होऊ शकतं. तू यंत्र बिघडलं असं का धरलंस?"

त्याच्याजवळ अजून एक-दोन उत्तरे होती. ऊन. राळ. एकभुक्त. त्याने ती एकेक करून मनात उचलून पाहिली आणि एकही जिभेपर्यंत आले नाही. बिरूमामा शेवटी खुर्चीवर बसला होता, आणि आता मात्र तो सरळ भरतेशकडे पाहत होता. भरतेशनेही नजर वळवली नाही.

"ती मंगळवारी मिरजेला कुठे जाते?" मॅडमनी विचारले.

"रुग्णालयात. स्थानकासमोरच्या."

"हे तिने तुला सांगितलं?"

"नाही. तिने बिरूमामांना सांगितलं. मला कळू नये म्हणून त्यांच्याकडून शब्द घेतला."

"कोण आहे ती?"

"माझी मोठी बहीण," तो म्हणाला. "यंत्र बरोबर होतं, मॅडम. अक्का आजारी आहे."